बेटिंग एक्स्चेंजवर दोन्ही बाजूंचे भाव ठेवून मधला फरक सुटतो का?

राजारामपुरी_पायथन:
बेटिंग एक्स्चेंजवर लोक एकमेकांशीच पैज घेतात. टी-20 सामना चालू असताना फलंदाजी करणाऱ्या संघावर 2.02 ला लावायची (तो जिंकेल अशी पैज; जिंकला तर 1 रुपयाचे 2.02 परत) आणि 2.00 ला खायची (तो जिंकेल ही दुसऱ्याची पैज आपण घ्यायची), अशा दोन ऑर्डर एकाच वेळी ठेवायच्या. कोण का जिंकेना, मधला फरक आपला. बॉट, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलाय, कागदावर तर तोटा दिसतच नाही. चुकतंय कुठं? आणि कोल्हापुरात बसून हे करता येईल का?

गुजरीकर:
भावा, आधी दोन्ही बाजू भरल्यावर हातात काय पडतं ते बघ. 2.02 ला 1000 लावले, 2.00 ला 1010 खाल्ले. संघ जिंकला तर 1020 येतात, 1010 जातात. हरला तर 1010 येतात, 1000 जातात. कसंही झालं तरी 10 रुपये. त्या बाजारातल्या निव्वळ नफ्यावर 5 टक्के कमिशन धरलं तर साडेनऊ.

आता विकेट पडली आणि खरा भाव 2.20 झाला. ज्याला आधी कळलं तो तुझ्या 2.02 वर तुटून पडतो, 2.00 च्या बाजूला कुणी हात लावत नाही. सुटायचं तर 2.20 ला 918 खावे लागतात. तोटा 82. आठ फेऱ्यांची कमाई एका चेंडूत गेली. गुजरीतला सराफसुद्धा घ्यायचा आणि विकायचा भाव वेगळा ठेवतो, पण सोनं उसळलं की तो आधी फळ्यावरचा भाव पुसतो. तुझा फळा वेळेत पुसला जाईल का, एवढाच खरा प्रश्न आहे.

पंचगंगा_घाट:
पुसायला थोडी सवड असते. बेटफेअरसारख्या एक्स्चेंजवर सामना चालू असताना नवी ऑर्डर काही सेकंद अडवून ठेवतात, रद्द करणं मात्र लगेच होतं. समजा अडवणूक 5 सेकंदांची आहे. विकेट बघून ज्यानं बटण दाबलं त्याची ऑर्डर 5 सेकंद लटकते, तेवढ्यात तुम्ही तुमची काढून घेऊ शकता. पण मोबाईलवरचं प्रक्षेपण बहुतेक वेळा त्याहून मागं असतं. तुम्हाला विकेट दिसेपर्यंत ऑर्डर भरलेली असते.

मग बरेच जण प्रत्येक चेंडूआधी ऑर्डर काढतात आणि चेंडू झाल्यावर परत ठेवतात. त्यात दुसरा फटका बसतो: परत ठेवलेली ऑर्डर पुन्हा अडते आणि त्या भावाच्या रांगेत शेवटी जाते. रांगेत मागं असलात की भाव तुमच्या विरुद्ध निघाल्यावरच ऑर्डर भरते.

अजून एक, भावाच्या पायऱ्या सारख्या नसतात. 2 च्या खाली 0.01, 2 ते 3 मध्ये 0.02, 3 ते 4 मध्ये 0.05. बॉटमध्ये एकच पायरी धरली की 2 ओलांडताच ऑर्डर नाकारल्या जातात, आणि एक बाजू उघडी राहते.

गुजरीकर:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केलेत. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, बँकांनाही असे व्यवहार करायला मनाई आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याचं खातं, देणारा तर एक्स्चेंजच नव्हे. समोरची बाजू बहुधा तो स्वतःच असतो, त्याला महाग पडलेला सौदा तो रद्द करतो आणि दाद मागायला जागा नसते. त्या वाटेला जाऊ नकोस, कळकळीनं सांगतोय.

राजारामपुरी_पायथन:
पैसे लावत नाही. पण गणित डोक्यातून जात नाही, ते तपासायचं कसं?

पंचगंगा_घाट:
क्रिकशीट या संकेतस्थळावर सामन्यांच्या चेंडूगणिक नोंदी फुकट मिळतात. उरलेले चेंडू, विकेट आणि लागणाऱ्या धावा यांवरून जिंकण्याची शक्यता काढा. 1 भागिले शक्यता म्हणजे भाव. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पायरी ठेवा. ऑर्डर भरली कधी म्हणायची, इथं स्वतःला फसवू नका. भाव नुसता टेकला तर भरली नाही धरायची, ओलांडून गेला तरच भरली. विकेट आणि षटकाराच्या चेंडूवर चुकीची बाजू पूर्ण भरली असं धरा. मग हाच हिशेब विकेटचे चेंडू वगळून परत चालवा आणि दोन्ही आकडे इथं टाका.