गोदामातील रोबोची परीक्षा पडद्यावर की पोत्यांवर?

उद्यमबाग, बेळगाव: गोदामात माल वाहणारा रोबो प्रत्यक्ष आणण्याआधी तो सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी गोदामात, चालवून पाहिलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. वीस-तीस रोबो विकत घेऊन, ते अरुंद वाटेवर समोरासमोर आले तर कोणी मागे सरायचे हे तपासण्याइतके भांडवल आमच्याकडच्या लहान कारखानदाराजवळ नसते. गॅझेबो हा सिम्युलेटर विनामूल्य मिळतो आणि त्यात हीच कोंडी हवी तितक्या वेळा घडवता येते. लंडनमधील एरिथ येथे ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीच्या गोदामात जुलै २०२१ मध्ये तीन रोबो एकमेकांवर आदळून आग लागली होती. अशा टकरींची तालीम संगणकावरच व्हावी.

निपाणी: वाटेवरच्या कोंडीपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे, परंतु गोदामातले खरे काम माल उचलण्याचे असते. आमच्या वखारीत पावसाळ्यात गुळाला पाझर सुटला की बारदान चिकट होते, खालचे पोते दबते, थप्पी कलते, आणि कोणते पोते आधी उतरवायचे हे जुना हमाल नुसता हात लावून सांगतो. सिम्युलेटरमध्ये वस्तू बहुधा घट्ट, न दबणारी मानलेली असते. तिथे नीट उचललेले पोते इथे निसटेल.

उद्यमबाग, बेळगाव: त्यासाठीच सिम्युलेशनमध्ये घर्षण, वजन आणि उजेड दर फेरीला मुद्दाम बदलतात, म्हणजे रोबो एकाच आकड्यावर विसंबत नाही. ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये याच रीतीने यांत्रिक हाताला रुबिक क्यूब सोडवायला शिकवले.

निपाणी: आणि सर्वांत अवघड मांडणी त्या हाताला पाचांतून एकदाच जमली. तो क्यूब तर कठीण आणि ठरावीक आकाराचा होता. आमच्या थप्पीखाली माणूस उभा असतो, साहेब.

खानापूर: मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. पडद्यावर बिनचूक फिरणारी आमची गाडी ओल्या शहाबादी फरशीवर अडखळली, कारण चकाकणाऱ्या फरशीमुळे कॅमेऱ्याला अंतर चुकीचे दिसत होते आणि ती चकाकी आम्ही सिम्युलेशनमध्ये घातलीच नव्हती. आकडे अंदाजाने बदलण्याआधी ते जागेवर मोजायला हवेत. निपाणीकर काका, आपल्या वखारीत आठवडाभर मोजमाप करू द्याल का?

निपाणी: आषाढात ये, बाळ. मात्र कोणते पोते निसटेल, हे यंत्र लावण्याआधी आमच्या हमालांना विचारायचे आणि त्यांचे उत्तर मोजमापाच्याच वहीत लिहायचे.