खानावळीसाठी सुरी घेताना काय पाहावे?

प्रश्न (लातूर)
शिकवणीसाठी लातुरात आलेल्या मुलांची खानावळ मी चालवते. रोज दहा-बारा किलो कांदा, शिवाय टोमॅटो आणि भोपळा चिरावा लागतो. मागच्या महिन्यात पात्यावर लाटांची नक्षी असलेली महागडी सुरी घेतली, परंतु पंधरा दिवसांतच ती टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागली. धार टिकावी आणि पैसे सार्थकी लागावेत, एवढीच अपेक्षा आहे.

उत्तर (नांदेड)
ताई, अशी नक्षी कधी पोलादाचे थर एकत्र घडवल्याने येते, तर कधी पात्यावर नुसती उमटवलेली असते. चिरण्याचे काम मात्र धारेवरचे पोलादच करते. म्हणून कठीणपणा विचारावा. रॉकवेल मापावर ५४ ते ५६ असलेले पाते लवकर बोथट होते, पण चटकन पाजवता येते. ६० च्या वरचे धार जास्त दिवस धरते, मात्र भोपळ्याच्या सालीत पिळले गेले तर त्याचा टवका उडतो. आपल्या कामाला पहिलेच योग्य वाटते. धारेमागे पाते पातळ आहे ना, हेही पाहावे, कारण जाड पाते कितीही पाजवले तरी भोपळ्यात पाचरीसारखे अडकते.

उत्तर (परभणी)
ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घिसाड्याने घडवलेली सुरीही पाहावी. पाणी नीट दिलेले असेल, म्हणजे पाते तापवून एकदम थंड करून कडक केलेले असेल, तर तिला सुरेख धार लागते. हे तपासायला पात्यावर कानस फिरवावी; ती मऊ पात्याला चावते आणि कडक पात्यावरून घसरते. माझ्या आईची अशी सुरी अजून रोजच्या वापरात आहे. मात्र कांदा, लिंबू चिरून तशीच ठेवली तर ती काळी पडते आणि गंजते, त्यामुळे लगेच धुऊन पुसावी लागते. अनेकांच्या हाती जाणार असेल तर स्टेनलेसच घ्यावी.

प्रश्नकर्ती
माझ्याकडच्या बाया ग्रॅनाइटच्या ओट्यावरच चिरतात. त्याने फरक पडतो का?

उत्तर (नांदेड)
फार पडतो, ताई. दगडावर टेकताच धार दुमडते, मग पोलाद कोणतेही असो. आधी लाकडी पाट आणि १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा) धारेचा दगड घ्यावा. दगड ओला करून पाते प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांत धरावे आणि दुसऱ्या बाजूला बारीक कंगोरा बोटाला जाणवेपर्यंत घासावे. मग बाजू बदलावी. आताचीच सुरी कदाचित पुन्हा टोमॅटो चिरू लागेल, तेव्हा नवी घेण्याआधी हे करून पाहावे.