मदत हवी आहे: तपासणीत एकही चूक नाही, तरी माइनक्राफ्टचा डेटापॅक चालत नाही

गवतीचहा:
माइनक्राफ्ट जावा १.२०.४ साठीचा डेटापॅक (गेममध्ये स्वतःच्या कमांड आणि नियम घालणारा फोल्डर) १.२१.४ वर न्यायचा आहे. व्हीएस कोड या एडिटरमध्ये स्पायग्लासचं 'डेटापॅक हेल्पर प्लस' हे चुका दाखवणारं एक्स्टेन्शन टाकलंय. एकाही एमसीफंक्शन फाइलमध्ये (कमांडांची यादी, म्हणजेच फंक्शन) चुकीची लाल रेघ नाही. गेममध्ये मात्र प्रत्येक फंक्शनला 'अननोन फंक्शन' येतं. रिलोड केल्यावर लॉगही स्वच्छ. पॅक यादीत 'एनेबल्ड' दिसतो. (कमांड देवनागरीत टंकल्यात, समजून घ्या.)

खडाष्टक:
पॅकची माहिती असलेल्या पॅक डॉट एमसीमेटा फाइलमध्ये पॅक फॉरमॅट (आवृत्ती सांगणारा आकडा) अजून २६ आहे ना? स्पायग्लास त्यावरूनच आवृत्ती ओळखतं, म्हणजे तुमची तपासणी १.२०.४ च्या नियमांनी चालली आहे. १.२१.४ साठी तिथे ६१ हवं. बदल केल्यावर कमांड पॅलेटमधून 'रीसेट प्रोजेक्ट कॅशे' चालवा. एमसीमेटा ज्या फोल्डरात आहे तोच फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडा, वरचा किंवा आतला नको.

लॉग स्वच्छ असण्याचं कारण वेगळं. १.२१ पासून 'फंक्शन्स' फोल्डरचं नाव एकवचनी 'फंक्शन' झालं. जुन्या नावाच्या फोल्डरात गेम डोकावतच नाही, मग तक्रार कशाची करणार? टॅग्जच्या आतला 'फंक्शन्स', तसंच लूट टेबल्स, रेसिपीज, प्रेडिकेट्स, अ‍ॅडव्हान्समेंट्स हे सगळे एकवचनी करा. 'टॅग्ज' मात्र तसंच ठेवा.

गवतीचहा:
केलं. आता लाल रेघांचा पाऊस पडलाय. गेमच्या लॉगमध्ये मात्र फाइलमागे एकच चूक दिसते. शिवाय टिकमधलं (दर टिकला आपोआप चालणाऱ्या फंक्शनांच्या यादीतलं) काहीच चालत नाही.

खडाष्टक:
गेम फाइलमधल्या पहिल्या चुकीच्या ओळीवर थांबतो आणि अख्खं फंक्शन टाकून देतो. त्यामुळे दुरुस्ती लाल रेघा बघूनच करा. टिकच्या यादीतलं एक जरी फंक्शन लोड झालं नाही तर तो टॅगच, म्हणजे ती यादीच, बाद होते, म्हणून बाकीचीही बंद पडलीत.

बहुतेक चुका दोन जातीच्या निघतील. गिव्ह कमांडमध्ये वस्तूपुढचा महिरपी कंसातला एनबीटी (वस्तूचा जास्तीचा डेटा) १.२०.५ पासून गेला, तिथे चौकोनी कंसात कंपोनंट लिहायचे. आणि १.२१.२ पासून अ‍ॅट्रिब्यूटच्या नावातलं 'जेनेरिक' उडालं: आता नुसतं 'मॅक्स हेल्थ'.

फुरसंगीकर:
लाल रेघा संपल्या म्हणजे काम झालं असं समजू नका. सिलेक्टरमधला (कमांड कोणावर चालवायची ते निवडणाऱ्या भागातला) एनबीटी हाताने शोधावा लागतो. 'सिलेक्टेड आयटम'च्या (हातातल्या वस्तूच्या) आत जुनं 'टॅग' लिहिलेली ओळ व्याकरणाने बरोबर आहे, गेमही ती घेतो, पण ती कधीच जुळत नाही. तो डेटा आता 'कंपोनंट्स'च्या आत 'कस्टम डेटा'मध्ये असतो. मोठा सी असलेलं 'काउंट'ही आता छोट्या सीने लिहायचं. माझं मत: ती ओळ दुरुस्त करत बसू नका, 'एक्झिक्यूट इफ आयटम्स' वापरा. एनबीटी तपासताना गेमला त्या खेळाडूचा सगळा डेटा उलगडावा लागतो. दर सेकंदाला २० टिक, म्हणजे एका टिकला जेमतेम ५० मिलिसेकंद मिळतात. त्यात हा खर्च कशाला?

डॉलरने सुरू होणाऱ्या मॅक्रो ओळींचंही तसंच. त्यातल्या रिकाम्या जागी चालवताना किंमत (व्हॅल्यू) भरल्याशिवाय ती ओळ पूर्ण होत नाही, त्यामुळे चूक चालवल्यावरच कळते. ते फंक्शन चॅटमधून हाताने चालवा, पुढे महिरपी कंसात खऱ्या किमती द्या. दुसऱ्या फंक्शनमधून बोलावलं तर चूक गुपचूप गिळली जाते.

गवतीचहा:
माझ्या पॅकमधली जादूची छडी चालली! आता गेम थोडा अडखळतो. कुठे वेळ जातो ते कसं बघायचं?

फुरसंगीकर:
एफ३ धरून एल दाबा. १० सेकंदांची नोंद होते आणि डीबग फोल्डरातल्या 'प्रोफाइलिंग'मध्ये झिप पडते. त्यातल्या सर्व्हरच्या प्रोफाइलिंग फाइलमध्ये 'कमांड फंक्शन्स' शोधा, टिकमधल्या फंक्शनांची टक्केवारी तिथे मिळेल. आधी मात्र टिकमध्ये कुठे नुसतं 'अ‍ॅट ई' आहे का बघा. तो सिलेक्टर जगातलं सगळंच निवडतो; तिथे 'टाइप' घाला, नाहीतर जमिनीवर पडलेल्या प्रत्येक वस्तूपासून बाणापर्यंत सगळ्यांची हजेरी दर टिकला घेतली जाते.