रक्तातली एनएमडीए अँटिबॉडी निगेटिव्ह आली, आता विषय संपला का?

पीजी_मानसोपचार:
१९ वर्षांची मुलगी. आधी ताप-डोकेदुखी, आठवड्याभरात झोप उडाली, संशय, अखंड बडबड. आता बोलणं बंद, अंग ताठ. हॅलोपेरिडॉलनंतर (मानसिक आजारावरचं औषध) ताठरपणा वाढला. शंका अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसची, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी मेंदूवर हल्ला करतात तो आजार. एमआरआय नॉर्मल, रक्तातली अँटिबॉडी निगेटिव्ह. पाठीतलं पाणी काढायला नातेवाईक तयार नाहीत. आग्रह धरावा का?

न्यूरोवाला:
धराच. या आजाराच्या १०० रुग्णांमागे साधारण १४-१५ जणांत रक्त निगेटिव्ह आणि सीएसएफ (पाठीतलं पाणी) पॉझिटिव्ह असतं. एमआरआय तर निम्म्याहून अधिक जणांत नॉर्मल. सीएसएफ आणि सीरम एकाच वेळी, सेल-बेस्ड पद्धतीने (पेशींवर अँटिबॉडी चिकटते का हे बघून) तपासा. त्याच पाण्यात पेशी, प्रथिनं, साखर, हर्पिस पीसीआर आणि टीबीची सीबीनॅट (दोन्ही जंतूंच्या जनुकांच्या चाचण्या). पीसीआर येईपर्यंत असायक्लोव्हिर (हर्पिसवरचं औषध) १० मिग्रॅ/किलो दर ८ तासांनी, सलाईन नीट चालू ठेवून, नाहीतर किडनीला त्रास होऊन क्रिएटिनिन चढतं. ईईजीत डेल्टा ब्रश (या आजारातला लहरींचा खास नमुना) दिसला तर उत्तमच, पण तो थोड्यांतच दिसतो.

आयसीयू_नाइट:
हॅलोपेरिडॉल आजच थांबवा. सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्तचाचणी) पाठवा, एनएमएस (अशा औषधांची गंभीर प्रतिक्रिया) आणि हा आजार वरून सारखेच दिसतात. कॅटाटोनियाला (बोलणं बंद, अंग ताठ ही अवस्था) लोराझेपाम १-२ मिग्रॅ शिरेतून, पण मॉनिटरवर. नाडी-बीपी वरखाली होतं, श्वास अचानक मंदावतो. अशा रुग्णाला साध्या वॉर्डात ठेवणं मला पटत नाही.

न्यूरोवाला:
हर्पिस आणि टीबी बाजूला पडले आणि संशय पक्का असला, तर अँटिबॉडी रिपोर्टसाठी थांबू नका. मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) १ ग्रॅम रोज ५ दिवस, सोबत आयव्हीआयजी (दात्यांच्या अँटिबॉडी, शिरेतून) ०.४ ग्रॅम/किलो ५ दिवस, म्हणजे ५० किलोला रोज २० ग्रॅम. प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला प्लाझ्मा बदलणं) करायचं असेल तर ते आधी. नंतर केलं तर महागडं आयव्हीआयजी धुऊन जातं. पोटाची सोनोग्राफी, शंका राहिली तर पेल्विसचा एमआरआय. ओव्हरीत टेराटोमा (एक प्रकारची गाठ) सापडला तर तो काढणं हाच उपचाराचा मोठा भाग. दोनेक आठवड्यांत फरक नसेल तर रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी कमी करणारं औषध).

पीजी_मानसोपचार:
नातेवाईक तयार झाले, पाणी उद्या सकाळी. रिटुक्सिमॅबआधीची हिपॅटायटिस बीची तपासणी (ते औषध हा विषाणू पुन्हा जागा करू शकतं म्हणून करतात ती) नंतर केली तर चालेल?

न्यूरोवाला:
नको, आयव्हीआयजी लावायच्या आधीच रक्त घ्या. त्यातून दात्यांच्या अँटिबॉडी येतात, हिपॅटायटिस बीची कोअर अँटिबॉडी (संसर्ग कधी झाला होता का हे दाखवणारी) खोटी पॉझिटिव्ह दिसते आणि रिटुक्सिमॅब विनाकारण अडतं.