शेवटच्या दोन पर्यायांत हमखास चुकते, मदत हवी आहे
उताऱ्यावरच्या प्रश्नांत पाचपैकी तीन पर्याय मी पटकन खोडते, पण उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा धरते. कालचंच बघा. उताऱ्यात होतं, ‘काही पक्षी स्थलांतरात ताऱ्यांवरून दिशा ओळखतात.’ निष्कर्ष म्हणून मी निवडलं, ‘ढगाळ रात्री हे पक्षी वाट चुकतात.’ बरोबर उत्तर निघालं, ‘निदान काही पक्ष्यांना रात्रीच्या आकाशाचा उपयोग होतो.’ इतकं मिळमिळीत वाटलं की मी ते सोडूनच दिलं!

आधी प्रश्न वाचणं, ‘फक्त’, ‘नेहमी’वाले पर्याय खोडणं, उताऱ्यात आधाराची ओळ शोधणं, सगळं करून झालंय. थेट माहितीच्या प्रश्नांना ते चालतं, अडतं ते निष्कर्षाच्या प्रश्नांना. घड्याळ न लावताही तेच होतं, त्यामुळे वेग वाढवायचे उपाय नकोत.

उताऱ्यातून खरंच निघणारा निष्कर्ष आणि मी मनाने जोडलेला, हे तुम्ही कशावरून ओळखता?