सारंगखेड्याहून तोरणमाळऐवजी सुरत : नव्या सोबत्यांबरोबर जावे का?

चोपड्याची भटकी

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार पाहून पुढे शहाद्यामार्गे तोरणमाळ गाठायचे, असा बेत करून मी पाठीवर सॅक टाकून एकटीच निघाले आहे. काल बाजारात एक व्यापारी मारवाडी घोडीचा ओठ वर करून, तिचे दात दाखवून गिऱ्हाइकाला वय पटवून देत होता. त्या घोळक्यात पुण्याच्या दोन बहिणी आणि इंदूरचा एक मुलगा भेटले. बोलणे सुरू झाले आणि रात्री एकाच पालात शेवभाजी-भाकरी खाईपर्यंत चांगली गट्टी जमली. ते उद्या दोंडाईच्याहून रेल्वेने सुरतेला आणि तेथून हजिऱ्याच्या फेरीबोटीने आखातापलीकडच्या घोघ्याला जाणार आहेत. निदान सुरतेपर्यंत तरी चल, असा त्यांचा आग्रह आहे. तापीच्या खोऱ्यात वाढूनही ती समुद्राला मिळते तो प्रदेश मी पाहिलेला नाही, त्यामुळे मनही ओढ घेत आहे. मात्र ओळख कालचीच, पैसे मोजके आणि तोरणमाळ पुन्हा कधी जमेल याची खात्री नाही. एका मुक्कामात सुरतेत काय पाहता येईल आणि अशा वेळी खर्चाचे व सोबतीचे भान कसे ठेवावे, हे जाणकारांनी सांगावे.

उधन्याचा पारोळेकर

ताई, अवश्य या. सुरतेच्या उधना, लिंबायत आणि डिंडोली या भागांत इतके खान्देशी राहतात की रिक्षात बसल्यावर अहिराणी कानी पडली तर नवल वाटू देऊ नका. गुजरातीवाचून अडणार नाही.

एकच दिवस हाती असेल तर सकाळी तापीकाठचा किल्ला पाहावा. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या काळात, 1540 च्या दशकात तो बांधला गेला. त्यानंतर कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या कबरस्तानात जावे. बहुतेक प्रवासी ते वगळतात, पण मराठी माणसाने तरी वगळू नये असे मला वाटते. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झिंडन तेथेच पुरलेला आहे, आणि व्यापाऱ्याची कबर एखाद्या नवाबाच्या मकबऱ्यासारखी घुमटदार आहे, हे पाहून त्या काळच्या सुरतेच्या पैशाचा अंदाज येतो.

खाण्याचे म्हणाल तर सकाळी हरभऱ्याच्या डाळीचा वाफाळलेला लोचो, वरून तेल, शेव आणि कांदा. या दिवसांत पोंक, म्हणजे ज्वारीचे कोवळे भाजलेले दाणे, हाही मिळू लागतो. आपला हुरडा खाल्लेल्यांना तो परका वाटणार नाही, परंतु लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर तो वेगळाच लागतो.

सातपुड्याचा पाईक

वरील सल्ल्यात समुद्राविषयी अवाक्षर नाही, म्हणून लिहितो. निळे पाणी आणि पांढरी वाळू डोळ्यांसमोर ठेवून सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर जाल तर हिरमोड होईल. तेथील वाळू काळी असून नद्यांच्या गाळाने पाणी गढूळ असते. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक फार मोठा असल्याने ओहोटीला पाणी दूरवर मागे सरते आणि मागे चिखल उरतो. त्या चिखलात आत चालत जाणे धोक्याचे आहे, कारण भरती परतताना वेळ देत नाही. किनाऱ्यावर टोमॅटोची भजी खावी, सूर्यास्त पाहावा आणि परतावे. एवढ्यासाठी मी तरी तोरणमाळ सोडले नसते. थंडीच्या दिवसांत सातपायरीच्या घाटातून वर चढताना आणि सकाळी यशवंत तलावावर धुके असताना जे दिसते, ते शहरात मिळत नाही. तोरणमाळ कुठे पळून जात नाही हे खरे असले, तरी आज-उद्या करता करता वर्षे निघून जातात.

निवृत्त गार्ड, नंदुरबार

दोघांचेही म्हणणे रास्त आहे, पण पोरीचा प्रश्न सोबतीचा आणि खर्चाचाही होता आणि त्याला कोणीच हात घातला नाही.

तिकीट स्वतःचे स्वतः काढावे आणि ते स्वतःजवळ ठेवावे. खोलीचे व रिक्षाचे पैसे त्या त्या वेळी वाटून द्यावेत, कारण ‘नंतर बघू’ म्हटले की नव्या मैत्रीत तेथेच पहिली कुरबुर होते. सोबत्यांची नावे, फोन क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता घरी कळवावा, आणि कळवले आहे हे त्यांनाही सहज बोलता बोलता सांगावे. भल्या माणसांना त्याचा राग येत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा कोणाच्या सॅकमध्ये बाटली असेल तर ती दोंडाईच्यालाच राहू द्यावी.

या मार्गावरच्या काही गाड्या सुरतेऐवजी उधन्यालाच संपतात, म्हणून चढण्यापूर्वी चौकशी करावी. नवापूर आले की खिडकीशी बसावे. ते स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, आणि फलाटावरच्या एका बाकाच्या मधूनच राज्याची सीमा जाते.

चोपड्याची भटकी

सर्वांचे मनापासून आभार. आईशी बोलणे झाले. तिने त्या बहिणींशीही फोनवर चांगली लांबलचक चौकशी केली आणि मग होकार दिला. मी सुरतेपर्यंतच जाणार आहे. फेरीचा मोह मात्र टाळते, कारण घोघ्याहून रस्त्याने परतायचे तर आखाताला वळसा घालून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर पडतात आणि तेवढे पैसे गाठीला नाहीत. परतताना अमळनेरला उतरून चोपड्याची एसटी धरावी की जळगावपर्यंत जावे?

निवृत्त गार्ड, नंदुरबार

अमळनेरलाच उतरावे. गाडी रात्री उशिरा पोहोचणारी असेल तर मात्र ती न घेता सकाळची धरावी.