सासूबाई, दोन मुलं आणि जानेवारीतली टेंटमधली रात्र: पवना की भंडारदरा?

मीरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. जानेवारीत एक रात्र टेंटमध्ये काढायची, असं आमच्या घरात ठरलंय. मी, नवरा, मुलगी (११), मुलगा (७) आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे, पण येण्याचा सगळ्यात जास्त आग्रह त्यांचाच आहे. त्यांचं लहानपण जुन्नरकडच्या खेड्यात गेलं. उन्हाळ्यात अंगणात झोपायच्या, आकाशातलं काय काय त्यांना अजून पाठ आहे. नातवंडांना तेच दाखवायचंय त्यांना. डोंबिवलीच्या गच्चीवरून ते जमत नाही.

ज्याला विचारावं तो पवना सांगतो. फोटो छान आहेत, पण व्हिडिओत मागे डीजे ऐकू येतो. भंडारदऱ्याबद्दलही ऐकलंय. गाडी आमची आहे. प्रश्न असे:

थंडी सासूबाईंना झेपेल का? संडासाची सोय कशी असते? स्विस टेंट, डोम टेंट असं जे महागडं मिळतं त्याला जादा पैसे मोजावेत का? आणि मुख्य म्हणजे, शांतता कुठे मिळेल?

---

पायपीट_पुणे

मीराताई, पवना अगदीच मोडीत काढू नका. तुंग, तिकोना, लोहगड सगळे आजूबाजूला, आणि लोहगड तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कामशेत किंवा लोणावळ्याहून गाडी थेट टेंटपर्यंत जाते. मंगळवार-बुधवार गाठा, शांत असतं. शनिवारी मात्र जाऊ नका. एका काठावर शेजारी शेजारी इतके कॅम्प असतात की तुमचा मालक कितीही सज्जन असला तरी पलीकडच्याचा स्पीकर तुमच्या टेंटमध्ये वाजतो. आणि कुठेही गेलात तरी मुलांना धरणाच्या पाण्यात उतरू देऊ नका. काठ उथळ वाटतो, पुढच्याच पावलाला गाळ किंवा खोल उतार असतो.

---

रानवाट

मीरा, मी नाशिकची. माझ्या आईला घेऊन थंडीत भंडारदऱ्याला जात असते, आणि तिचेही गुडघे तसेच आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला आकाश बघायचंय ना? मग जागेच्याही आधी तिथी ठरवा. जानेवारीतल्या अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस धरा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर तळं चांदण्यात सुरेख दिसेल, पण तारे निम्मेही दिसणार नाहीत. २६ जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर तो आठवडा सोडा. मुलांची एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल, मधला वार गाठा.

जागा म्हणाल तर भंडारदराच, पण धरणाच्या भिंतीजवळची, शेंडी गावाला लागून असलेली गर्दीची बाजू नको. तळ्याच्या कडेकडेने रस्ता रतनवाडीकडे जातो, त्या अंगाला जा. तिथे गावातलीच माणसं घराशेजारच्या भातखाचरात टेंट लावून देतात. जानेवारीत भात निघालेलं असतं, खाचरं कोरडी असतात. कापणीनंतरची धसकटं मात्र राहतात आणि टेंटच्या तळाला टोचतात. चांगला यजमान आधी खाली भाताचा पेंढा वीतभर अंथरतो आणि त्यावर टेंट ठोकतो. फोन कराल तेव्हा हे नक्की विचारा, "दादा, खाली पेंढा टाकता का?" थंडी वरून लागते त्याहून जास्त जमिनीतून चढते. वर तीन रग घेतले आणि खाली नुसती प्लास्टिकची चटई असली, तर रात्रभर कूस बदलत बसाल. पेंढा, त्यावर सतरंजी, त्यावर जाड गादी एवढं असलं की म्हातारं माणूसही गाढ झोपतं. पारा दहाच्या खाली जातो तिकडे, हे लक्षात ठेवा. कानटोपी, पायमोजे आणि घरची एक गोधडी न्याच.

आता सासूबाईंचं. त्यांना टेंटमध्ये झोपवायचा हट्ट धरू नका, आणि झोपू नका असंही म्हणू नका. ज्या घराच्या अंगणात टेंट आहे त्याच घरातली एक खोली आणि खाट आधीच बोलून ठेवा. जेवण, शेकोटी, तारे सगळं बाहेर. मग रात्री त्यांना जे वाटेल ते. आई एकदा टेंटमध्ये झोपते, एकदा खाटेवर, आणि ते तिचं ती ठरवते. गुडघे दुखणाऱ्याला खरा त्रास झोपण्याचा होतच नाही. तो होतो वाकून टेंटमध्ये शिरण्याचा आणि पहाटे अंधारात जमिनीवरून उठण्याचा. याच कारणासाठी स्विस टेंटला पैसे मोजायला माझी हरकत नाही. त्यात उभं राहता येतं, पलंग असतो, संडास आतच असतो. डोम टेंटमध्ये प्लास्टिकची पारदर्शक खिडकी असते, पण दव पडलं की ती धुरकट होते, तारे काही दिसत नाहीत. त्याला जादा पैसे देऊ नका.

गावातल्या संडासात कमोड असेलच असं नाही. मेडिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, डिकीत बसते. ती सोबत घ्या. आणि टेंटपासून संडास किती पावलांवर आहे, वाटेत पायऱ्या आहेत का, दिवा आहे का, हे सगळं फोनवरच विचारून घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण म्हातारं माणूस याच भीतीने संध्याकाळपासून पाणी प्यायचं सोडतं. आईने तसं केलेलं मला सकाळी कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

आणखी एक. सकाळी टेंटच्या आतल्या बाजूला हात लावला तर ओला होतो. लोक समजतात टेंट गळतोय आणि यजमानाशी भांडतात. तो आपल्याच श्वासाचा ओलावा असतो. झोपताना वरची जाळी थोडी उघडी ठेवा, अंथरूण कडेला टेकू देऊ नका.

मुलांसाठी एक गंमत: हात समोर ताठ धरून मूठ वळायची. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. भंडारदऱ्याहून ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर दिसतो. जेवण झालं की आग्नेयेकडे मृग, त्याच्या खाली लखलखणारा व्याध, वर रोहिणी आणि डोक्यावर कृत्तिकांचा झुबका. पुढचं सासूबाईच सांगतील. मोबाइलचे दिवे तेवढे वीस मिनिटं बंद ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

---

शेंडीकर

रानवाट ताईंनी बरोबर सांगितलं. मी इथलाच आहे. थोडी भर घालतो. पेंढा टाकला असेल तर शेकोटी टेंटपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला पेटवायला सांगा. ठिणगी उडते. जेवणात काय हवं ते एक दिवस आधी कळवा. पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात, गावठी कोंबडी. आयत्या वेळी सांगितलं तर बाया घाईत करतात आणि मग तुम्हालाही मजा येत नाही. आज्जींसाठी गरम पाणी चुलीवर मिळतं, पण तेही आधी सांगा.

सकाळी रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ बघा. गाडी जवळ जाते, आज्जींना फार चालायला नको. पुष्करणीच्या पायऱ्या उतरवू नका, वरूनच दाखवा. आपली प्रवरा इथल्याच रतनगडावर उगम पावते आणि विल्सन धरण, म्हणजे हेच भंडारदऱ्याचं धरण, १९२६ साली पूर्ण झालं, हे मुलांना सांगा म्हणजे पाणी बघताना त्यांना काहीतरी धरायला मिळेल. सांदण दरीत पोरांना फक्त तोंडापर्यंत न्या, तेही स्थानिक माणूस बरोबर घेऊन. जानेवारीत आतल्या डोहात पाणी असतं.

मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवू नका. रोजची औषधं जवळ बाळगा. मेडिकल, डॉक्टर म्हटलं तर राजूर नाहीतर घोटी.

---

मीरा_डोंबिवली

रानवाट ताई, शेंडीकर दादा, तुमचे खूप आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. "कमोड खुर्ची कुणी सुचवली? तिला माझा नमस्कार सांग," म्हणाल्या. भंडारदराच नक्की.

दोन शंका राहिल्यात. आमच्या ओळखीतल्या एकांना रात्री टेंटमध्ये पेटत्या कोळशाची शेगडी ठेवून दिली होती, उबेसाठी. तशी मागावी का? आणि रस्ता कोणता बरा?

---

रानवाट

शेगडी अजिबात नको. कुणी आपुलकीने आणून दिली तरी बाहेर ठेवायला लावा. बंद टेंटमध्ये निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग. झोपेतल्या माणसाला जागच येत नाही. धूर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि धोका तिथेच आहे. त्याऐवजी रबराच्या पिशवीत गरम पाणी भरा, टॉवेलात गुंडाळा आणि निजायच्या दहा मिनिटं आधी अंथरुणात पायाशी ठेवा. मुलांसाठी आणि सासूबाईंसाठी वेगवेगळी घ्या.

रस्ता: भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्ग धरा. इगतपुरीपर्यंतचा हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि कसारा घाट टळतो, त्यामुळे सासूबाईंना वळणांचा त्रास होणार नाही. इगतपुरीला उतरून घोटी, तिथून बारीमार्गे शेंडी. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव, चहाला थांबा आणि १६४६ मीटरचं शिखर खालूनच मुलांना दाखवा. पेट्रोल घोटीलाच भरून घ्या. शेंडीच्या पुढचा रस्ता अरुंद आहे, म्हणून दुपारी चारपर्यंत रतनवाडीत पोहोचाल असं निघा. उजेड असताना संडासाची वाट सासूबाईंना एकदा चालून दाखवा.

---

शेंडीकर

चारला आलात तर चहाबरोबर हुरडा मिळतो का बघतो. यंदा ज्वारी कशी येते त्यावर आहे, शब्द देत नाही. आज्जींचं जुन्नरकडचं गाव कोणतं? आमची आत्या तिकडेच दिलीय.